नेरुळला १९९० ची माझदा एमएक्स-५ विकायला आहे, काय काय बघू?

कासारवडवलीकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

नेरुळला एका गृहस्थांकडे १९९० ची माझदा एमएक्स-५ विकायला आहे. हो, तीच, बटण दाबलं की हेडलाइट वर येणारी. लाल रंग, काळं कापडी छप्पर, उजव्या हाताचं स्टीअरिंग. मालक सत्तरी पार केलेले. इंग्लंडला नोकरी होती, तिथेच त्यांनी ही नवी घेतली आणि १९९३ ला कायमचे परत आले तेव्हा ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये (परदेशातून कायमचं परतणाऱ्यांची सामान आणायची सवलत) बोटीने सोबत आणली. नंबर एमएच-०४. राहायला नवी मुंबईत आणि नंबर ठाण्याचा कसा, असं विचारलं तर म्हणाले, तेव्हा इकडच्या गाड्यांना ठाण्याचाच नंबर पडायचा.

फोटोत छान दिसणाऱ्या जुन्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. ही समोरून जास्त छान आहे. डॅशबोर्डला चीर नाही. दाराचं ते बोटभर रुंदीचं क्रोमचं हँडल अजून चकचकीत. कॅसेट प्लेअर मूळचाच, त्यात त्यांनी भीमसेनांची कॅसेट लावून दाखवली आणि ती चक्क वाजली. कमी पडलं ते एवढंच की हेडलाइट वर करताना उजवा पटकन आला, डावा अर्ध्यात अडकला. काकांनी शांतपणे बॉनेट उघडलं, मोटरच्या टोकाची गोल घुंडी हाताने फिरवली आणि डोळा उघडला. "थंडीत असं करते," म्हणाले. नेरुळची थंडी!

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८९ ला शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, १.६ लिटरचं इंजिन, ११५ च्या आसपास अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, आणि वजन हजार किलोच्या आत. कागदावर आजची कुठलीही टर्बो हॅचबॅक हिला गाठेल. पण कॉलेजात असल्यापासून या गाडीचं मासिकातलं पान माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं, त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपाती मताची अपेक्षा ठेवू नका. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.

मागतायत १८ लाख. "बोलू आपण" असं म्हणाले. मीटरवर ४१ हजार. एक पुण्याची पार्टी शनिवारी येणार आहे म्हणून ५१ हजार टोकन आजच द्या, असं मध्यस्थ म्हणतोय (काका स्वतः नाही, त्यांच्या ओळखीचा एक मध्यस्थ आहे). बायकोचं म्हणणं एका वाक्यात: गाडीत माणसं दोन, घरात चार.

काय बघू? कुणाला दाखवू? किंमत जास्त आहे का?

टेम्पोसम्राट:

आमच्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाच. तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती उतरवणारी. तिचे पार्ट हवे असतील तर रात्री अकरालाही मिळवून देतो. या लाल बाईसाहेबांचं काही सांगू शकत नाही, पण १८ लाखांत दोन सीट म्हणजे ९ लाख पर सीट. वहिनींशी सहमत.

वाशी_आरटीओच्या_बाहेरून:

वरच्यांचा विनोद झाला, आता कागदाचं बोलू. गाडी कितीही नटलेली असू दे, कागद लंगडा असेल तर तुम्ही १८ लाखांची शोभेची वस्तू विकत घेताय.

ऑनलाइन वाहन तपशील दिसतोच, तो काढा. पण त्यावर थांबू नका. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. या गाडीत तो बॉनेट उघडल्यावर मागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यावर असतो. कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, ठसा घ्या. युरोपसाठी बनवलेल्या माझदाचा नंबर जेएमझेड या अक्षरांनी सुरू होतो. हीच गाडी जपानमध्ये यूनोस रोडस्टर नावाने विकली जायची आणि तिच्यावर एनए६सीई असा छोटा चेसिस नंबर असतो. काका म्हणतात नवी इंग्लंडला घेतली, तर जेएमझेड यायला हवा. एनए६सीई आला तर लगेच खोटं समजू नका, कारण जपानहून जुन्या गाड्या इंग्लंडमध्ये ढिगाने गेल्या. पण मग "नवी घेतली" हे वाक्य पडलं, आणि एक वाक्य पडलं की बाकीची पण हलवून बघायची.

मीटरची गोष्ट: इंग्लंडची गाडी असेल तर मोठे आकडे मैलाचे असणार. तुमचे ४१ हजार हे मैल असतील तर झाले साधारण ६६ हजार किलोमीटर. गाडी तरीही कमीच चाललेली आहे, पण जाहिरातीत किलोमीटर लिहिलं असेल तर मध्यस्थाला तेवढं विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं, बिल ऑफ एंट्री. कस्टम ड्युटी भरल्याचा तो कागद. तो नसेल तर निघून या. कार्नेवर, म्हणजे परत न्यायच्या बोलीवर आलेल्या गाड्या इथेच विकल्या गेल्याची प्रकरणं जुनी आहेत, आणि २०२५ ला केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्या उचलल्या ते तर सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. त्यात शेवटच्या मालकाने पैसे मोजलेले असतात आणि गाडी सरकारच्या आवारात उभी असते. तुमच्या केसमध्ये १९९३ ची ठाण्याची नोंदणी आहे, हे चांगलं लक्षण आहे. बाहेरच्या राज्यात उशिरा नोंदलेली असती तर मी इथेच थांबा म्हटलं असतं.

आता खर्च. १९९३ ची नोंदणी म्हणजे २००८ ला पंधरा वर्षं झाली, मग दर पाच वर्षांनी फेरनोंदणी: २०१३, २०१८, २०२३, आणि पुढची २०२८. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या आयात केलेल्या चारचाकीला फेरनोंदणीची फी ८० हजार आहे. देशी गाडीला १०. वर पर्यावरण कर, फिटनेस. हे ८० हजार आजच किमतीतून वजा करून बोला. "व्हिंटेजमध्ये टाकू" असं कुणी सांगितलं तर हसा. ती नोंदणी पन्नास वर्षांच्या गाडीला मिळते, तुमची २०४० ला पात्र होईल.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काकांची सही तुमच्या समोर घ्या, मध्यस्थाने आणलेली नको. जुनी ई-चलनं, नवी नंबर प्लेट लावली आहे का, तेही बघून घ्या.

सर्व्हेअर_नौपाडा:

टोकन देऊ नका. पुण्याची पार्टी नेहमीच शनिवारी येणार असते. माझ्या सबंध नोकरीत ती आलेली मी पाहिली नाही.

मी विम्याचा मोटार सर्व्हेअर, आता निवृत्त. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्यानंतरचे महिने मी भिवंडी बाजूच्या गोडाऊनांमध्ये गाड्यांच्या रांगांतून टॉर्च घेऊन फिरण्यात काढले. टोटल लॉस म्हणून, म्हणजे विमा कंपनीने निकामी ठरवून गेलेल्या गाड्या पुढे "सिंगल ओनर, वेल मेंटेन्ड" होऊन कुठे कुठे उगवल्या ते मला ठाऊक आहे. तेव्हापासून जुन्या गाडीच्या मालकाला माझा पहिला प्रश्न एकच असतो: त्या दिवशी गाडी कुठे होती? काका सरळ उत्तर देतील. मध्यस्थ विषय बदलेल.

उत्तर काहीही येवो, गाडीलाच विचारा. सीटबेल्ट शेवटच्या इंचापर्यंत ओढून काढा. बाहेरचा पट्टा सगळे धुतात, रिळात गुंडाळलेला कुणी धूत नाही. पाण्यात बुडलेल्या गाडीत तिथे तपकिरी रेघ असते, तिच्याखाली पट्टा थोडा कडक लागतो. नंतर सीट पुढे सरकवून रुळाच्या बोल्टांची डोकी बघा. पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट उचला, १.६ मध्ये इंजिनचा कॉम्प्युटर तिथेच असतो आणि त्याच्या ब्रॅकेटवर गाळ बसला की तो पुसायला हात पोचत नाही. शेवटी डिकी. या गाडीची बॅटरी डिकीत असते. मूळची सीलबंद, वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्यांची. इथे कुणीतरी दुकानातली साधी बॅटरी ठेवली असेल, तर तिच्या आम्लाने खालचा पत्रा खाल्ला असेल. बॅटरी उचलून बघा, वरून नाही.

पूर सोडा, या गाडीला रोजचा पाऊसच पुरतो. कापडी छपरावरचं पाणी सीटच्या मागे दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून खाली जातं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे बाहेर पडतं. त्या भोकात पानं, धूळ, कापडाचे धागे बसले की पाणी तुंबतं आणि दाराखालच्या पेटीत, म्हणजे सिलमध्ये उतरतं. सिल आतून सडते. बाहेरून रंग तसाच चकचकीत. जगभर या मॉडेलच्या गाड्या याच जागी मेल्या आहेत, आणि आपण तर खाडीच्या काठावर राहतो.

तर एक बाटली पाणी घेऊन जा. छप्पर खाली करून कोपऱ्यातल्या भोकात हळूहळू ओता आणि कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. धार आली पाहिजे, ठिबकलं नाही पाहिजे. तार खुपसू नका, आतली प्लास्टिकची नळी निसटते आणि मग पाणी कायमचं आत. फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून सिलच्या मागच्या हातभर भागावर फिरवा. जिथे पकड सुटेल तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. बॉनेटला चुंबक मुळीच चिकटणार नाही, त्याने दचकू नका, ते ॲल्युमिनियमचंच आहे.

आता इंजिन. हे इंजिन दणकट. टायमिंग बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त उभी राहते. सुरू करताना वर टिकटिक ऐकू आली तर ते वॉल्व्ह हलवणारे हायड्रॉलिक लिफ्टर, तेल बदलल्यावर बहुधा शांत होतात. भीती एकाच ठिकाणी आहे. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं पुढचं टोक आखूड आहे. बेल्ट बदलताना कुणी पुलीचा मधला बोल्ट नीट कसला नाही, तर आतली चावी (पुली जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) हळूहळू तिची खाच खात जाते, पुली डुलायला लागते, टायमिंग सरकतं आणि एक दिवस गाडी चढावर दम टाकते. क्रँक बदलणं म्हणजे इंजिन खाली. ओळखायचं कसं? क्रँक पुलीच्या मधल्या भागात खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचं सुधारलेलं. चार आल्या म्हणून गाडी सोडू नका. इंजिन चालू ठेवून पुली समोरून बघा. सरळ फिरतेय का डुलतेय, एवढंच बघायचं. आणि बेल्ट शेवटचा कुणी, कधी बदलला त्याचं बिल मागा.

विम्याबद्दल: पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवता. ती लेखी, फोटोंसकट ठरवून घ्या. नाहीतर क्लेमच्या दिवशी माझ्यासारखा कुणीतरी येईल आणि १९९० ची गाडी म्हणून रद्दीचा भाव लावेल.

किमतीचं मी बोलत नाही. सिल बघितल्याशिवाय बोलू नये.

सीवूड्सची:

माझ्याकडे हिचीच नंतरची १.८ आहे. सर्व्हेअरांनी यंत्राचं सगळं सांगितलं, मी रोजच्या जगण्याचं सांगते.

घोडबंदर रोडला ही गाडी चालवताना डंपरच्या चाकाचे नट तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. सायलेन्सर नाकाच्या. मेट्रोच्या कामाने कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत जे काय झालंय ते तुम्ही रोज बघता, तिथे ही गाडी काढायची म्हणजे पहाटे किंवा नाहीच. सोसायटीचा स्पीडब्रेकर तिरका घ्यायला शिका आणि कार्यकारिणीशी भांडण काढू नका, मी काढलं होतं, ब्रेकर आणखी उंच झाला.

एसी बघा. इंग्लंडच्या गाड्यांना तो बऱ्याचदा नसायचा. मे महिन्यात काळं कापडी छप्पर लावून, एसीशिवाय, माजिवडा सिग्नलला उभं राहून बघा, मग १८ लाखांचं बोला.

मागची काच प्लास्टिकची असेल. छप्पर खाली करायच्या आधी तिची झिप उघडायची, नाहीतर तिला घडी पडते आणि पुढे चीर जाते. धूसर झालेली असेल तर बदलावी लागेल. पार्टचं रडगाणं समजतात तेवढं नाही. माझदाने भारतात कार कधी विकल्याच नाहीत, त्यामुळे इथे काउंटर नाही हे खरं. पण पहिल्या पिढीच्या या गाडीसाठी त्यांनी २०१७ ला जपानमध्ये रिस्टोरेशनची योजना जाहीर केली आणि छपरासकट बरेच पार्ट पुन्हा बनवायला घेतले. मागवता येतात. ड्युटी आणि धीर, दोन्ही लागतात. टायर १४ इंची, १८५/६०, ते इथेच मिळतात.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहे. १९९० चे रबरी फ्युएल होज त्यासाठी बनलेले नाहीत. घेतलीत तर टाकीपासून इंजिनपर्यंत सगळे होज बदला, पेट्रोलचा वास यायची वाट बघू नका.

हे सगळं सांगून झाल्यावर: डिसेंबरात सकाळी सहाला, छप्पर खाली करून, पाम बीच रोडला तिसऱ्यातून चौथा गिअर टाका. गिअरचा दांडा मनगटाएवढाच हलतो. मी दर रविवारी जाते आणि दर रविवारी घरी सांगते की बॅटरी चार्ज करायला गेले होते.

कासारवडवलीकर:

सगळ्यांचे आभार. टोकन दिलं नाही. मध्यस्थ दोनदा रागावला. पुण्याच्या पार्टीची शनिवारी मुलाची परीक्षा निघाली.

आज परत जाऊन आलो. मध्यस्थाला टाळून थेट काकांना फोन केला, त्यांना उलट बरं वाटलं. चेसिसचा ठसा घेतला, जेएमझेडच आहे आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतोय. बिल ऑफ एंट्री त्यांनी बँकेच्या जुन्या फायलीत ठेवलेलं, सोबत बोटीची पावतीसुद्धा. मीटर मैलाचंच. ४१ हजारांचे किलोमीटर मध्यस्थाने केले होते, काकांना माहीतही नव्हतं. २६ जुलैला गाडी नेरुळलाच, इमारतीच्या पोडियमवर. दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ. एसी नाही.

पाण्याची बाटली नेली होती. उजव्या बाजूने धार आली. डावीकडे आधी काहीच नाही, मग थेंब थेंब, काळं पाणी. चुंबक डाव्या सिलवर सगळीकडे चिकटलं, पण मागच्या टोकाला, चाकाजवळ चार बोटं जागेत पकड ढिली वाटली. मला वाटली की खरंच ढिली होती, सांगता येत नाही. पुलीला खाचा चार. डुलत नाहीये, निदान मला दिसली नाही, व्हिडिओ काढलाय. बेल्ट २०११ ला बदलला, बिल नाही, ते गॅरेजही बंद झालं.

काकांना सगळं सांगितलं. ते वाकून सिलकडे बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, उघडून बघायला माझी हरकत नाही, पण रंग खराब करू नका. मी १४ म्हणालो, सिल आणि बेल्ट बघितल्यावर नक्की करू. ते नाही म्हणाले नाहीत.

सर्व्हेअर_नौपाडा:

व्हिडिओ बघितला. पुली सरळ आहे. चार बोटं जागा म्हणजे बहुधा आधी कुणीतरी भरलेली आहे, काकांच्या नकळत. रंग न बिघडवता बघता येतं: दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढा, तिथल्या भोकातून मोबाइलला जोडायचा केबल कॅमेरा आत सोडा, मागच्या टोकापर्यंत. हजार-दीड हजाराला मिळतो, माझ्याकडे आहे. आत पापुद्रे दिसले तर वेल्डिंगचा माणूस धरून लाखभर आणखी कमी करा. पत्रा नुसता तांबूस असेल तर १४ ला घ्या.

बेल्ट, वॉटर पंप आणि तो बोल्ट, तिन्ही एकदमच करून घ्या, गाडी नावावर झाल्या झाल्या. बोल्ट टॉर्क रेंचनेच कसायचा, तुमच्या समोर, अंदाजाने नाही.

शनिवारी दहाला नेरुळ स्टेशनच्या पूर्वेला भेटा. काकांना आधी फोन करून सांगा की दोघे येतोय, आणि छप्पर आदल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगा. कार्पेट कोरडं आहे का ओलं, ते तेव्हाच कळेल.

टेम्पोसम्राट:

शनिवारी मी पण येतो. सिल वेल्ड करायची झालीच तर आमच्या तुर्भ्याच्या शेडमधला मिस्त्री टेम्पोचे पत्रे रोजच जोडतो. वहिनींना अजून सांगितलं नसेल तर सांगून या.